चेंडू ज्याच्या डोक्यावर

"मास्तर, माझ्या हाताला काय झालंय तेवढं बघता का?"

सर्जेरावनं उजवा हात पुढं केला. वैद्याला नाडी दाखवावी तसा.

गुरव मास्तर भैरोबाच्या देवळातल्या ओवरीत पत्रावळी टाचत बसले होते. त्यांनी हाताकडं बघितलं नाही.

"जेवलास का?"

"व्हय."

"कुठल्या हातानं?"

"...ह्याच."

"मग हात बरा हाय."

मला हसू आलं. सर्जेरावनं माझ्याकडं असं बघितलं की मी ते तसंच गिळलं.

मी दस्तगीर मुलाणी. सर्जेराव मोहिते आमच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. मी कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागं उकिडवा बसून तो घेणारा. आठ वर्षं तो टाकत होता आणि मी झेलत होतो. चेंडूही झेलले आणि त्याचा स्वभावही.

त्या दिवशी तो मला साक्षीदार म्हणून ओढून घेऊन आला होता. दुपारचे चार वाजले असतील.

कृष्णेकाठच्या आमच्या गावाला कुस्ती ठाऊक होती, कबड्डी ठाऊक होती. बेसबॉल कुठून आला असं पाहुणे विचारायचे. तो गुरव मास्तरांनी आणला. तातोबा गुरव त्यांचं नाव. हायस्कुलात ते खेळ आणि कवायत शिकवायचे. मास्तरकीच्या शिक्षणाला शहरात गेले, तिथं हा खेळ शिकले आणि येताना ट्रंकेत एक हातमोजा आणि एक चेंडू घेऊन एसटीतून उतरले.

बाकीचं सगळं गावानं केलं.

बॅट बाभळीची. ती फिरवली की दोन दिवस खांदा दुखायचा. हातमोजे जोडे शिवणाऱ्या किसनतात्यांनी जुन्या खोगिराच्या कातड्याचे शिवले. त्यांना घोड्याचा वास यायचा. बेस म्हणजे वाळू भरलेली बारदानाची पोती. आणि पिचर ज्यावर उभा राहतो तो उंचवटा शिदूआप्पा लोहारांनी भट्टीची राख आणि मुरूम घालून, पाणी मारून, स्वतः चोपून बांधून दिला.

अशा सामानावर आम्ही तालुका जिंकला होता. आता सांगितलं तर नातवंडं हसतात. हसू देत.

नोकरीतून सुटल्यावर मास्तर देवळातलं घराण्याचं काम बघू लागले. सकाळी पूजा, दुपारी पत्रावळी. शिष्य भेटायला तिथंच जायचे. जत्रेतल्या बकऱ्यावर सुरी फिरवायचा मान आमच्या घराकडं, त्यामुळं त्या ओवरीत मला कुणी पाहुणा समजत नव्हतं. माझी एक पायरीही ठरलेली होती.

तर त्या पायरीवर मी बसलो होतो.

"तीन आठवडे झालं मास्तर," सर्जेराव म्हणाला. "टाकतोय एकीकडं, जातोय एकीकडं. विचारा ह्या दस्त्याला."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं.

"डोक्यावरनं जातोय," मी म्हणालो. "काल शाळंच्या कौलावर गेला."

"फुटलं?"

"दोन."

"हां..."

"रविवारी कोल्हापुरात राज्याच्या संघाची निवड हाय," सर्जेराव म्हणाला. "तवर हात ठिकाणावर आला पायजे. काय तेल लावायचं, काय शेकायचं, सांगा. काय म्हणाल ते करतो."

"कवापासनं बिघडला?"

"फायनलपासनं."

"काय झालं फायनलला?"

"तुम्हाला ठाऊक हाय की."

"मी हुतो व्हय तिथं? हितं देवळात पाळी हुती माझी. तू सांग."

मास्तरांनी नवी पत्रावळ धरली. शेजारी वडाच्या पानांचा ढीग होता, आणि पुढ्यात बांबूच्या बारीक चोयट्यांच्या काड्या. एक पान, त्यावर दुसरं, काडी खुपसायची, मोडायची. बोलता बोलता त्यांची बोटं चालायची.

सर्जेराव जरा घुटमळला.

"चेंडू नवा हुता. शिवण बोटाला लागंना."

मास्तरांनी एक पान टाचलं.

"पंच त्यांच्या तालुक्याचा. बरूबर टाकलेला वाईट म्हणायचा."

दुसरं पान.

"तिथला उंचवटा बसका. पाय रुतायचा."

तिसरं.

"ऊन समोरनं..."

चौथं.

"आणि हा दस्त्या. खुणा एक करायचा, हात एकीकडं न्यायचा."

पाचवं पान माझं होतं. मास्तरांनी ते जरा हळू टाचलं.

पत्रावळ पुरी झाली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून उन्हाकडं धरली आणि खालून वाकून बघितली.

"एकबी भोक न्हाई," ते म्हणाले. "आमटी वाढली तरी गळायची न्हाई."

त्यांनी ती पत्रावळ बाजूला ठेवली.

"बरं, पुढं? शेवटी काय झालं?"

"शेवटी पोपटकडनं सुटला."

देवळाच्या भिंतीपलीकडं हातोड्याचा आवाज आला. ठण्.

मग थांबला. मग पुन्हा ठण्.

भिंतीपलीकडं शिदूआप्पांची लोहारकी होती. पोपट त्यांचा मुलगा आणि आमचा तिसऱ्या बेसवरचा गडी. एरवी त्या भिंतीआडून दोन आवाज यायचे. आप्पांचा हातोडा जागा दाखवायचा आणि तिथंच पोपटचा घण बसायचा. ठण्, धाड. ठण्, धाड. आमचं सगळं लहानपण त्या आवाजात गेलं. त्या तालावर आम्ही पाढे म्हणत असू.

तीन आठवडे नुसताच ठण् येत होता. मधली जागा रिकामी.

पोपटच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. त्याच फायनलमध्ये.

ते कसं झालं हे सांगायचं तर आधी मास्तरांची संध्याकाळची तालीम सांगायला हवी.

शाळा सुटली की आम्ही माळावर जमायचो. मास्तर हातात हलकी बॅट घेऊन मधोमध उभे राहायचे आणि चेंडू सरळ वर उडवायचे. इतका सरळ की तो चिमणीएवढा व्हायचा आणि मग कुणाच्या अंगावर येतोय हेच कळायचं नाही. पहिल्या दिवशी त्याखाली चौघं धावले आणि चौघांची टाळकी एकमेकांवर आपटली. माझ्या भुवईवर अजून व्रण आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नियम केला. ओरडायचं एकट्या पिचरनं. तो सगळ्यांच्या मधे असतो. चेंडू ज्याच्या डोक्यावर, त्याचं नाव. नाव आलं की त्यानंच धावायचं, बाकीच्यांनी आहे तिथं थांबायचं.

तालमीत ती जागा पाळीपाळीनं सगळ्यांना मिळायची, आणि आम्हाला लाज वाटायची. भर माळावर, बाजूनं बायका शेतातून परत येत असताना, मित्राचं नाव ठणाणा ओरडायचं म्हणजे काय.

"नवरीगत लाजतोस काय रं?" मास्तर ओरडायचे. "नाव घे! नाव घे!"

मग आम्हाला चेव यायचा. कुणीतरी उखाणाच जोडायचं.

"भाकरीवर भाकरी, भाकरीवर मिरची, पोपटरावांचं नाव घेतो, टोपी पडली वरची!"

तेवढ्यात चेंडू खाली आलेला असायचा. मास्तर हसायचे आणि पुन्हा उडवायचे.

आजही कुणाच्या लग्नात बायका नवरीच्या भोवती 'नाव घे, नाव घे' करू लागल्या की माझी मान आधी वर जाते. बायको विचारते, मांडवाला जळमटं लागलीत का? मी काय सांगणार तिला.

सर्जेराव नाव घेण्यात सगळ्यात पटाईत. त्याचा आवाज खणखणीत आणि नजर पक्की. त्यानं नाव घेतलं की त्या माणसानं डोळे झाकून धावावं. पोपट तर खरंच धावायचा. नाव कानावर पडलं की त्याचे पाय निघालेले असायचे. मान नंतर वर जायची.

आणि मग ती जिल्ह्याची फायनल.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं पुढं. त्यांचे दोन गडी बाद झालेले. एक बाद केला की चषक आमचा.

तिथून सर्जेराव बिघडला. पिचरनं चार चेंडू वाईट टाकले की समोरचा न खेळताच पहिल्या बेसवर जाऊन उभा राहतो. सर्जेरावनं असे ओळीनं तिघांना फुकट सोडले. तिन्ही बेसवर त्यांची माणसं उभी. मी समोरून बघत होतो. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

चौथा आला. त्यानं बॅट फिरवली आणि चेंडू सरळ वर गेला.

मास्तरांनी उडवावा तसा.

आमचं सगळं गाव ट्रक करून आलं होतं. लोक उभे राहिले. सगळे वर बघत होते.

"पोपट! पोपट!" सर्जेराव ओरडला आणि बाजूला झाला.

पोपट तिसऱ्या बेसवरून निघाला. लांबून आला, जीव टाकून आला, शेवटी अंग झोकून दिलं. चेंडू त्याच्या उघड्या बोटांवर बसला आणि निसटला. त्यांचे दोघं धावून आले. दोन धावा झाल्या आणि चषक त्यांचा झाला.

"पोपटनं सोडला," सर्जेराव तिथंच म्हणाला, सगळ्यांच्या देखत.

ट्रकमध्ये तेच. गावात तेच. गावाला तर नावाचाच फायदा झाला. पोपटचा पोपट झाला, असं शेंबडी पोरंसुद्धा म्हणू लागली. पारावरून गेला की कुणीतरी मागून 'सुटला, सुटला' करायचं. बोटं बांधलेला पोपट आठवड्यात घराबाहेर पडेनासा झाला. बापाच्या भट्टीपाशी बसून डाव्या हातानं भाता ओढायचा. मला निरोप पाठवला, हातमोजा कुणाला पायजे असंल तर घेऊन जा, मी आता येत न्हाई.

मी गेलो नाही.

कारण मला ठाऊक होतं. मैदानात सगळे कॅचरकडं तोंड करून उभे असतात. एकटा कॅचर सगळ्यांकडं तोंड करून असतो. तो चेंडू कुठं उतरणार हे मी बघितलं होतं. तो सर्जेरावच्या डोक्यावर होता. त्यानं एक पाऊलही हलायची गरज नव्हती.

आणि मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पिचर गेला तर संघ गेला, असं मी स्वतःला समजावत होतो.

"पोपटकडनं सुटला..." मास्तर म्हणाले.

"व्हय."

"हे नाव बरं पटकन आलं तोंडात."

सर्जेराव पानांचा ढीग सारखा करायला लागला.

ठण्... भिंतीपलीकडून.

मास्तर उठले. गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू. आत गाभाऱ्याच्या दाराआड हात घालून त्यांनी ती जुनी हलकी बॅट काढली. तिच्या मुठीवरची दोरी काळी पडली होती. मला वाटलं होतं ती कधीच चुलीत गेली असेल.

"चेंडू हाय?"

सर्जेरावच्या खिशात चेंडू कायम असायचा. त्यानं दिला.

"हात बघतो तुझा. जा, तिथं दीपमाळंपाशी हुबा ऱ्हा."

सर्जेरावचा चेहरा खुलला. शेवटी मास्तर काहीतरी इलाज करतायत असं त्याला वाटलं. तो अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. खाली फरशी, वर मोकळं आभाळ. मोजा नव्हता.

पासष्टीच्या त्या माणसानं चेंडू डाव्या हातानं वर टाकला आणि बॅट फिरवली.

चेंडू दीपमाळेच्या वर गेला, कळसाच्या वर गेला. अगदी सरळ. एवढ्या वर्षांत मास्तरांचा हात एका बोटानंही हलला नव्हता.

"नाव घे!" मास्तर ओरडले.

"आं?"

"नाव घे!"

"कुणाचं घिऊ? हितं कोण हाय?"

तोवर चेंडू त्याच्या पायाशी फरशीवर आपटला आणि उडून माझ्या पायरीपर्यंत आला.

मी तो मास्तरांना परत फेकला. बोलायची माझी छाती नव्हती.

"मास्तर, मी हाताचं इचारायला आलोय..." सर्जेराव म्हणाला.

"हाताचंच बघतोय."

बॅट फिरली. चेंडू पुन्हा वर. पुन्हा तसाच सरळ, सर्जेरावच्या टाळूवर.

"नाव घे!"

आणि इतक्या वर्षांची सवय म्हणा, किंवा त्या फायनलची म्हणा. सर्जेरावनं एक पाऊल बाजूला टाकलं आणि त्याच खणखणीत आवाजात ओरडला.

"पोपट! पोपट!"

भिंतीपलीकडचा हातोडा थांबला.

चेंडू फरशीवर पडला. टप्प... टप्प... आणि दीपमाळेच्या चौथऱ्याला लागून थांबला.

सर्जेरावला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. तो तसाच उभा राहिला. मीही.

मास्तर भिंतीकडं बघत होते.

भिंतीच्या माथ्यावर एक हात आला. डावा. मग एक गुडघा. मग पोपट सगळाच वर आला आणि अलीकडं उडी मारून उतरला. कपाळावर राख, अंगात बनियन, उजव्या हाताची दोन बोटं बांबूच्या कामट्यांत बांधलेली. धापा टाकत होता. चार पावलं धावत आला आणि तोंड वर करून आभाळात बघायला लागला.

"कुठं हाय?" तो म्हणाला. "चेंडू कुठं हाय?"

...

तो प्रश्न मी आजवर विसरलेलो नाही. विसरायचा प्रयत्नही करून झाला.

पोपटनं मान खाली घेतली. सर्जेराव दिसला, मास्तरांच्या हातातली बॅट दिसली, मी दिसलो. त्याला काय झालं ते हळूहळू उमगलं. तो ओशाळला. बांधलेला हात पाठीमागं नेला.

"नाव ऐकलं म्हणून..." तो म्हणाला.

मास्तरांनी चौथऱ्यापासून चेंडू आणला. वाकून, स्वतः. कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्यांदा बॅट फिरली.

या वेळी ते 'नाव घे' म्हणाले नाहीत.

चेंडू वर गेला. पोपटच्या टाचा उचलल्या. बोटं मोडलेली, मोजा नाही, तरी त्याचे पाय निघाले होते. सर्जेरावनं डावा हात आडवा केला. थांब, अशी खूण. आणि मान वर करून ओरडला.

"सर्जेराव!"

आवाज फाटला त्याचा.

"सर्जेराव! सर्जेराव!"

स्वतःचं नाव असं ओरडणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. कळसावरची पाखरं उडाली. शिदूआप्पा हातोड्यासकट भिंतीपाशी येऊन उभे राहिले असावेत, कारण त्यांचा खोकला तिथून ऐकू आला.

सर्जेराव जागचा हलला नाही. दोन्ही हात वर, ओंजळ केलेली.

चेंडू ओंजळीत आला, छातीवर आपटला, सुटला, खाली पडला आणि घरंगळत पोपटच्या पायाशी गेला.

...

"त्या दिवशीबी माझ्याच डोक्यावर हुता," सर्जेराव म्हणाला.

तो पोपटकडं बघत नव्हता. चेंडूकडं बघत होता.

"ठाऊक हाय," पोपट म्हणाला.

"ठाऊक हाय?"

"निघालो तवाच दिसलं."

"मग धावलास कशाला?"

पोपटला प्रश्नच कळला नाही असं त्याच्या तोंडावर दिसलं.

"तू नाव घेतलंस की."

सर्जेराव फरशीवर बसला. मोहित्यांचा सर्जेराव, पेपरात फोटो आलेला, चालताना ज्याची मान कधी खाली जायची नाही, तो मांडी घालून फरशीवर बसला आणि पोरासारखा रडला.

"भ्यालो रं," तो म्हणाला. "तिघं फुकट सोडलं हुतं. हात कापत हुता. चेंडू वर गेला आणि वाटलं, हा माझ्याकडनं सुटणार. सगळं गाव बघतंय. आणि तुझं नाव आलं तोंडात... चेंडू नवा न्हवता. पंचबी बरा हुता. माझंच बिघाडलं हुतं. दस्त्याच्या खुणा बरूबर हुत्या."

पोपट ऐकून घेत होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

रागानं नाही. नुसतं बघितलं. कॅचरला सगळं दिसतं हे आमच्या संघात सगळ्यांना माहीत होतं.

मी पायरीवरचं एक वडाचं पान उचललं आणि त्याच्या शिरा बघत बसलो.

त्या दिवशीही मी बोललो नाही. पोपटनंही कधी विचारलं नाही. पुढं सर्जेरावनं पारावर उभं राहून गावाला सगळं सांगितलं, तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो, मान डोलावत, जणू मलाही नव्यानंच कळतंय. आता पंचेचाळीस वर्षं झाली. मास्तर गेले, आप्पा गेले. माळावर मंगल कार्यालय झालंय. पोपट भेटला की चहा पाजतो, दोन बोटं वाकडी धरून कप उचलतो. आणि मी हे आज लिहितोय.

पण त्या दुपारी अंगणात पुढं कुणाला माझी आठवण राहिली नाही.

सर्जेराव बाहीनं तोंड पुसत होता. त्याच्या हाताचं काय झालं हे त्यानं पुन्हा विचारलं नाही. रविवारचंही नाव काढलं नाही.

मास्तर परत ओवरीत येऊन बसले. बॅट भिंतीला टेकवली आणि एक पान उचललं.

पोपट वाकला. डाव्या हातानं चेंडू उचलला, बनियनला पुसला. सर्जेरावच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि त्याच्या ओंजळीत तो ठेवला.

मग मास्तरांकडं वळून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तीन आठवड्यांत पहिल्यांदा चेष्टा होती,

"मास्तर, आपल्या पिचरकडनं सुटला की वो."

मास्तरांनी पानात काडी खुपसली. मोडली.

"व्हय," ते म्हणाले. "सुटला."